टोकन लावलेली बुट्टी

तुमच्या बाबांनी तुम्हांला सांगितलंय म्हणे, की आजी एका सुंदर हॉटेलात गेली आणि दोन रात्री राहायचं सोडून पहिल्याच दुपारी भांडून बाहेर पडली. यातले 'सुंदर' आणि 'भांडून' हे दोन्ही शब्द मला मान्य नाहीत. म्हणून काय घडलं ते मी क्रमानं लिहून ठेवते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही भरभर वाचलं असतंत, हे मला ठाऊक आहे. जन्मभर मी इंग्रजीच शिकवलं. पण इंग्रजीत मला नीट रागावता येत नाही. वाक्य फार सभ्य होऊन बसतं. तेव्हा हे मराठीत, आणि बाबांनी ते तुम्हांला वाचून दाखवावं. त्यांनाही ऐकायची गरज आहे.

या हॉटेलातला मुक्काम ही बाबांनीच मला वाढदिवसाला पाठवलेली भेट. धारवाडहून कलघटगीकडे जाताना रस्त्याच्या आत, आंब्याच्या झाडांमध्ये एक कौलारू बंगला आहे, त्याचं त्यांनी 'कंट्री हाउस' केलंय. दोन माणसं, दोन रात्री. मी ते महिनोन्‌महिने पुढं ढकलत होते, कारण मला माझ्या पलंगावर झोप लागते आणि माझा चहा मला माझ्या कपात लागतो. पण मार्गशीर्ष संपत आला आणि अक्काचा चेहरा बघून मला ती भेट आठवली.

अक्का तुम्हांला फोनच्या पडद्यावर माझ्या मागं भांडी आवरताना दिसते ती. तुमच्या बाबांना तिनंच भात कालवून भरवला. ते तिला अक्का म्हणायचे, म्हणून सगळं घर म्हणायला लागलं. ती मूळची अळणावरकडच्या एका खेड्यातली. तिच्याकडं बायकासुद्धा 'मी येतो, मी जातो' असंच म्हणतात, तेव्हा पुढं ती तसं बोलली की मी चुकीचं लिहिलं असं समजू नका. वर्षभरात ती एकच दिवस हक्कानं सुट्टी मागते. दिवाळीचा नाही, गौरीचाही नाही. येळ्ळ अमावास्येचा.

ही मार्गशीर्षातली अमावास्या. आपल्या या भागात त्या दिवशी शेतकऱ्याचं सगळं घर स्वयंपाक घेऊन शेतात जातं. पीक उभं असतं, म्हणजे भूमी पोटुशी असते, आणि पोटुशीला खायला घालायचं असतं. बाजरीच्या तीळ लावलेल्या कडक भाकऱ्या, पुरणाचे कडबू, भरली वांगी, कारळाची चटणी, दहीभात असं सगळं थोडं थोडं एकत्र कालवून ते पिकात चौफेर टाकायचं. त्याला म्हणतात चरग. पुढचा माणूस चरग टाकत ओरडतो, "हुल्लिग्यो!" मागचा पाणी शिंपडत उत्तर देतो, "चल्लंबरग्यो!" मग सगळे तिथंच पंगतीला बसतात. त्या दिवशी शेताजवळून जाणारा कुणीही असो, त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. तो नाही म्हणत नाही आणि त्याला कोण, कुठला, असं कुणी विचारत नाही.

अक्का लहानपणी तिच्या वडिलांच्या मागून पाणी शिंपडायची. वडील गेले, भाऊ चरग टाकायला लागला, ही मागं होतीच. लग्न झालं, नवरा गेला, धारवाडात माझ्याकडं आली, पण ही अमावास्या तिनं चुकवली नाही. यंदा भावानं शेत विकलं. घेणाऱ्यानं तिथं प्लॉट पाडून दगड रोवले आणि भाऊ हुबळीला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला. अक्का मला एवढंच म्हणाली, "यंदा सुट्टी नको, बाई. जायचं कुठं?" आणि कणीक मळायला लागली. त्या दिवशीच्या पोळ्या जरा कडक झाल्या. 

त्याच आठवड्यात हॉटेलचा निरोप माझ्या मोबाइलवर आला. येळ्ळ अमावास्या खास, पाहुण्यांना प्रत्यक्ष शेतात चरग टाकण्याची संधी. मी तो अक्काला वाचून दाखवला आणि म्हटलं, "आपण दोघी जायचं. तू तुझा चरग घेऊन चल. शेत ते देतायत." ती म्हणाली, "परक्याच्या शेतात?" मी म्हटलं, "त्यांनीच बोलावलंय." तर वचन मी दिलं होतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढं मी एवढी का रागावले ते त्याशिवाय कळणार नाही.

अमावास्येला अक्का पहाटे उठली. सगळा स्वयंपाक केला, वेताच्या बुट्टीत केळीचं पान घालून रचला, वर पांढरं धुतलेलं फडकं बांधलं. तिच्या आईच्या वेळचा पितळी तांब्या चिंचेनं घासून घेतला. चहाखेरीज काही घेतलं नाही. चरग पडेपर्यंत ती जेवत नाही. आम्ही ओळखीची गाडी करून निघालो. गाडीभर कडबूंचा वास. अक्का बुट्टी मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हती.

फाटकाशी रखवालदारानं गाडी थांबवली आणि आत डोकावून म्हणाला, "जेवण आहे काय? बाहेरचं जेवण आत चालत नाही."

मी म्हटलं, "हे जेवण नाही. चरग आहे."

तो आपल्याकडचाच, त्याला शब्द बरोबर कळला. चेहरा पडला बिचाऱ्याचा. पण हात पुढं केलाच. "नियम आहे, बाई. इथं ठेवतो नीट. जाताना परत मिळेल." आणि त्यानं अक्काच्या बुट्टीला दोऱ्यानं प्लॅस्टिकचं एक टोकन बांधलं, देवळाबाहेर चपलांना बांधतात तसलं. दुसरं टोकन माझ्या हातात दिलं. बुट्टी त्याच्या खोपटात, हेल्मेटांच्या शेजारी गेली.

अक्का तांब्या तेवढा पदराखाली धरून राहिली. मला म्हणाली, "जाताना म्हणजे परवा की हो, बाई. परवा काय शिळं वाढू भूमीला?"

"आत जाऊन साहेबांशी बोलते," मी म्हटलं. माझा तेव्हा अजून माणसांच्या शहाणपणावर विश्वास होता.

आत काय होतं ते सांगते. कंट्री हाउस म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं जे यायचं ते आलं होतं. कॉलेजात वाचलेल्या कादंबऱ्यांचा दोष. मला वाटलं, पुस्तकांचं कपाट असेल. होतं. पण सगळी पुस्तकं उलटी लावलेली, पाठ भिंतीकडं आणि पानं आपल्याकडं, म्हणजे रंग एकसारखा दिसतो म्हणे! मी एक ओढून पाहिलं तर ते कुठल्या तरी जुन्या वर्षाचं आयकराचं मार्गदर्शक निघालं. भिंतीला बैलाचं जू टांगलेलं, त्यात दिवे. कोपऱ्यात जातं, त्यावर काच बसवून केलेलं टेबल. ज्या ज्या वस्तूनं कधी काम केलं होतं, तिला त्यांनी शोभेला बसवलं होतं. स्वागताच्या मुलीनं अक्काच्या लुगड्याकडं पाहून मला विचारलं, "अटेंडंट?"

"पाहुणी," मी म्हटलं. "दोन माणसांचं बुकिंग आहे. ही दुसरं माणूस."

तिनं हसून आम्हांला मनगटाला कागदी पट्टे बांधले. अक्का पट्ट्याकडं बघत म्हणाली, "बुट्टीला एक, मला एक. बरं झालं, हरवणार नाही कोण."

व्यवस्थापक कार्यक्रमाच्या गडबडीत होते. तरुण, गोड बोलणारे, प्रत्येक वाक्याला 'मॅम'. मी सांगितलं तर म्हणाले, "मॅम, काळजीच करू नका, चरग थ्रोचं सगळं आमच्याकडून आहे, कॉम्प्लिमेंटरी." चरग थ्रो! जणू भालाफेक.

आम्ही गेलो. शेत म्हणून जे होतं ते सांगते. मऊ कापलेली हिरवळ, तिच्या कडेला ज्वारीच्या चार ओळी, आणि त्या ओळींत फिरायला फरशीची वाट. बैल नसलेली रंगवलेली बैलगाडी. हुबळीहून, बंगळूरहून आलेली कुटुंबं भाड्याचे फेटे घालून गाडीत बसून फोटो काढत होती. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना जे दिलं ते त्यांनी घेतलं. माइकवरून कुणीतरी हिंदीत सांगत होतं, की ही हजारो वर्षांची परंपरा आहे आणि आता सर्वांनी आपापली टोपली घ्यावी.

टोपलीत झेंडूच्या पाकळ्या आणि चुरमुरे होते.

मी अक्काकडं पाहिलं. तिनं चार चुरमुरे हातात घेतले, बघितले, परत टाकले. मग वाकून त्या हिरवळीला हात लावला आणि म्हणाली, "बाई, ही काय पोटुशी नाही. हिला ते दर आठवड्याला भादरतात."

बाजूच्या एका बाईंनी हसून विचारलं, "आजी, फोटोत येता का? तुमचं लुगडं छान आहे."

"लुगडं येतं की," अक्का म्हणाली, "आत मी पण येऊ काय?" त्या बाई ओशाळल्या. माणूस म्हणून वाईट नव्हत्या.

ऊन डोक्यावर येत होतं. अक्का स्वतःच व्यवस्थापकांपुढं जाऊन उभी राहिली. असं ती कधी करत नाही. दुकानदाराशीसुद्धा मी असले तर मलाच बोलायला लावते. "साहेब," ती म्हणाली, "माझी बुट्टी तेवढी द्या. त्या ज्वारीत एक मूठ टाकतो, अन् बुट्टी परत तुमच्या खोपटात ठेवतो. कुणाला वाढत नाही, कुठं सांडत नाही."

ते तिच्याशी बोललेच नाहीत. माझ्याकडं वळले. "मॅम, शिजलेलं अन्न टाकलं की मुंग्या येतात, उंदीर येतात. लॉन खराब होतं. तुमच्या मेडला तुम्ही जरा समजावून सांगा ना."

मुलांनो, मी बेचाळीस मुलींच्या वर्गात कधी आवाज चढवला नाही. शांत आवाजाला मुली जास्त घाबरतात, हे मी पहिल्याच वर्षी शिकले. त्या दिवशीही मी शांतच बोलले. मी म्हटलं, "मुंग्या याव्यात म्हणूनच टाकतात. उंदीर, पाखरं, किडे, सगळ्यांनी यावं म्हणून. तुम्ही माइकवरून ज्या परंपरेचं सांगताय ती हीच. आणि ही माझी मेड नाही. हिच्यासाठी मी इथं आले. तुमच्या निरोपात लिहिलं होतं शेत, लिहिलं होतं चरग. शेत नाही, चरग नाही, आणि जिनं चरग आणला तिला फाटकावर टोकन!"

"मॅम, पॉलिसी आहे. बुट्टी फक्त चेक-आउटला मिळते."

"फक्त चेक-आउटला?"

"हो मॅम."

"मग माझं चेक-आउट करा."

त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. "मॅम, तुम्ही तर आत्ताच आलात. रूमसुद्धा पाहिली नाहीत. रिफंड होणार नाही."

"होऊ नये," मी म्हटलं. "करा."

स्वागताच्या मुलीनं माझ्यापुढं टॅबचा पडदा धरून विचारलं, मुक्काम कसा वाटला, किती तारे. मी म्हटलं, "बाळ, भरदुपारी तारे कुठले?" यावर ती हसली नाही. एवढं इंग्रजीत म्हटलं असतं तर हसली असती.

बाबा फोनवर म्हणाले, "आई, जरा समजुतीनं घ्यायचं होतंस." हे वाक्य मला फार लागलं, म्हणून इथं त्याचं उत्तर देते. समजूत नेहमी कुणी दाखवायची? ज्याची बुट्टी अडकली त्यानंच? त्या माणसाला एक मूठ अन्न मातीत पडू देता आलं नाही, आणि समजूतदारपणा मी दाखवायचा! नियम मलाही प्रिय आहेत. माझ्या घरात कात्रीची जागा ठरलेली आहे आणि ती तिथंच सापडते. पण ज्या सणाच्या नावानं पाहुणे बोलावले त्याच सणाला फाटकावर अडवणारा नियम म्हणजे शिस्त नाही, निव्वळ निर्बुद्धपणा आहे. यापेक्षा सौम्य शब्द मी शोधला, मिळाला नाही.

फाटकाशी मी टोकन दिलं. रखवालदारानं बुट्टी दोन्ही हातांनी उचलून आणली. दोऱ्याची गाठ सोडता सोडता म्हणाला, "आमच्या घरचेबी आज शेतात गेलेत, बाई. मला सुट्टी नाही. कार्यक्रम आहे म्हणून."

येळ्ळ अमावास्येचा कार्यक्रम आहे, म्हणून येळ्ळ अमावास्येची सुट्टी नाही. आता तुम्हीच सांगा.

अक्कानं फाटकाच्या बाहेर पाऊल टाकलं, फडक्याची गाठ सोडली, चरगाचा वाटा बाजूला सारून एक कडबू काढला आणि गजांमधून त्याच्या हातात दिला. "घे. मी बाहेर आहे, तू आत. बाहेरचं कोण आत आणलं नाही." त्यानं तो तिथंच, इकडं तिकडं बघत, दोन घासांत खाल्ला.

आमची गाडी परत गेली होती. फोन केला तर चालक अमरगोळला कुणाला सोडायला गेलेला, यायला वेळ लागेल म्हणाला. तेव्हा दृश्य असं, की कच्च्या रस्त्यावर भर उन्हात मी चाकांची बॅग ओढतेय, तिची चाकं दगडांत अडकतायत, आणि पुढं अक्का डोक्यावर बुट्टी, हातात तांब्या. मी धुसफुसत होते. व्यवस्थापकाला काय काय बोलायचं राहिलं ते मला आता एकेक करून सुचत होतं.

"बाई, पुरे की आता," अक्का म्हणाली. "तुम्ही बोललात, मी ऐकलं. झालं माझं पोट भरल्यागत."

"चरग राहिला ना पण."

ती तशीच पुढं चालत राहिली आणि एका बांधापाशी थांबली. बांधापलीकडं हरभरा, घाट्यांनी लगडलेला, आणि त्यामागं ज्वारी. दाण्यात आलेली ज्वारी पाहून अक्काचा हात आपोआप फडक्याकडं गेला आणि तिनं तो मागं घेतला. परक्याच्या शेतात न विचारता चरग टाकायचा नसतो. तिनं बुट्टी बांधावर टेकवली आणि नुसती उभी राहिली. तिचा तो मागं घेतलेला हात मी पाहिला. त्या व्यवस्थापकाला तो पाहता आला नाही, याचा मला आजही संताप येतो.

शेताच्या मध्यावर बन्नीच्या, म्हणजे शमीच्या, झाडाखाली एक घर जेवायला बसायच्या तयारीत होतं. त्यातली एक ठेंगणी, रुंद कुंकवाची बाई उठून उभी राहिली, डोळ्यांवर हात धरून आमच्याकडं पाहिलं आणि ओरडली, "बरी अक्का, बरी! ऊट माडबरी!" या ताई, या, जेवायला या.

आम्ही बांधावरून आत गेलो. माझी बॅग तिच्या दिरानं उचलून डोक्यावर घेतली. कोण तुम्ही, कुठल्या, बॅग घेऊन कुठं निघालात, एक प्रश्न नाही. केळीची पानं आणखी दोन मांडली गेली. अक्का बसेना.

"बसा की," ती बाई म्हणाली.

अक्कानं बुट्टी पुढं केली. "माझा चरग राहिलाय."

"मग टाका की! आमचा आत्ताच झाला. आमचा झाला म्हणून भूमीचं पोट भरलं काय? ती दोन जिवांची आहे, खाईल." आणि मग अक्काकडं नीट बघून, हळू आवाजात, "तुमचं शेत कुठं?"

"होतं," अक्का म्हणाली.

ती बाई वळून नवऱ्याला म्हणाली, "वरच्या अंगाला घेऊन जा, तिकडं ज्वारी जोरात आहे."

अक्कानं सगळं केळीच्या पानावर घेऊन कालवलं. भाकरीचे तुकडे, वांगं, दहीभात, फोडलेला कडबू. मग पान डाव्या हातावर घेऊन उभी राहिली आणि अडखळली. जन्मभर ती मागं चालली होती, पाणी शिंपडत. पुढं कधीच नाही. आणि आज मागं कुणी नव्हतं. तिनं तांब्या माझ्या हातात दिला.

"बाई, तुम्हाला ओरडायला येतं काय?"

"मला?" मी म्हटलं. "आज सकाळपासून मी दुसरं काय करते आहे?"

ती हसली, आणि पिकात शिरली. पहिल्यांदा तिचा आवाज निघालाच नाही, नुसता हात हलला. मग दुसरी मूठ उंच टाकली. "हुल्लिग्यो!"

मी पाणी शिंपडलं आणि ओरडले, "चल्लंबरग्यो!" माझ्या इतक्या वर्षांच्या इंग्रजी उच्चारांनी तो शब्द कसा निघाला असेल ते त्या शेतातल्या लोकांना विचारा. झाडाखालून हसू आलं, आणि मग सगळेच माझ्याबरोबर ओरडायला लागले. ज्वारीची पानं हाताला कापत होती. साडीच्या निऱ्यांना ढेकळं लागली. आम्ही शेताला पूर्ण वळसा घातला. शेवटची मूठ टाकून अक्का तिथंच ओणवी झाली, मातीला हात लावून डोळ्यांना लावला, आणि बराच वेळ उठली नाही. मी तांब्यातलं उरलेलं पाणी शिंपडत राहिले, कारण दुसरं काय करावं ते मला कळेना.

मग आम्ही जेवलो. त्यांचं आम्ही, आमचं त्यांनी. अक्काच्या कारळाच्या चटणीवर ती ठेंगणी बाई खूश झाली आणि आमची भाकरी जरा जाड आहे असंही तिनं तोंडावर सांगितलं. अक्कानं तिच्या वांग्यात मीठ कमी काढलं. दोघींचं चांगलंच जमलं.

पलीकडून, आंब्यांमागून, माइकचा आवाज येत होता. कुठल्या तरी स्पर्धेचा निकाल लागत होता.

उन्हं उतरायच्या सुमाराला गाडी आली. निघताना त्या बाईनं हिरव्या हरभऱ्याची एक पेंढी माझ्या बॅगेवर बांधून दिली. आम्ही गाडीत बसलो. धारवाड जवळ आलं तेव्हा मी नेहमीप्रमाणं सामान मोजलं. बॅग आहे, बुट्टी आहे, पेंढी आहे. तांब्या नव्हता.

"अगं, तांब्या राहिला! आईचा तांब्या!" मी चालकाला म्हटलं, "मागं घ्या गाडी."

"नको," अक्का म्हणाली. ती खिडकीबाहेर बघत हरभऱ्याचे घाटे सोलून खात होती. "त्या बाईला सांगून ठेवलाय. पुढच्या वर्षी तिथं लागंल की."